आजोबांचा खटला हेगला चालेल का?

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभं राहिलं, त्या रोम कराराचा या सदरात ओझरता उल्लेख केला होता, त्यावर टपालाचा गठ्ठाच आला. त्यातले सहा वाचक इथे घेतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘भारत हेगच्या न्यायालयाचा सदस्य नाही’ असं छापलंय. आमचे सर म्हणतात, तिथे आपले न्यायाधीश बसतात. खरं काय? – एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

दोन्ही खरं. हेगमधल्या दोन न्यायालयांची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश देशाविरुद्ध उभा राहतो. कुलभूषण जाधवांचं प्रकरण तिथे चाललं, आणि न्या. दलवीर भंडारी २०१२पासून तिथे आहेत. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे पिंजऱ्यात माणूस उभा असतो, मग तो सेनापती असो की राष्ट्राध्यक्ष. गुन्हे चारच : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. १७ जुलै १९९८ला रोममध्ये या करारावर मतदान झालं. १२० देश बाजूनं, ७ विरोधात, २१ तटस्थ. आपण त्या २१मध्ये. प्रश्नपत्रिकेत ‘फौजदारी’ शब्द आहे की नाही तेवढं बघून उत्तर लिही.

प्रश्न : रझाकारांनी माझ्या आजोबांना गढीसमोर गोळी घातली. भिंतीवर खूण अजून आहे. हेगला खटला चालेल का? – एक वाचक, धाराशिव जिल्हा

प्रश्न : पोलीस ॲक्शननंतर आमच्या घरातले तीन पुरुष परत आलेच नाहीत. आम्ही कुठे जायचं? – एक वाचक, उदगीर

ही दोन पत्रं एकाच आठवड्यात आली. एक निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या अत्याचाराचं, दुसरं सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय लष्करानं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, त्या ‘पोलीस ॲक्शन’नंतरचं. मी ती एकाच पाकिटात ठेवली आहेत.

कायद्याचं उत्तर एका ओळीचं : १ जुलै २००२च्या आधी घडलेल्या कुठल्याही गुन्ह्याला हे न्यायालय हात लावू शकत नाही. भारत उद्या सदस्य झाला तरी १९४८ त्याच्या कक्षेत येणार नाही. पण तेवढं सांगून मला ही पत्रं मिटवता येत नाहीत. आमची आजी स्वतःचं वय सांगताना ‘रझाकारीत मी दोन लेकरांची आई होते’ असंच म्हणायची. तिला सन ठाऊक नव्हता.

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्यावर खटले चालले, तुरुंगवास झाला आणि १९५७मध्ये सुटून तो पाकिस्तानला गेला. पण ते खटले दरोडा, खून अशा नेहमीच्या कलमांखालचे. संघटना बांधून, ठरवून हजारोंवर केलेला अत्याचार हा स्वतंत्र गुन्हा मानणारं कलमच नव्हतं. दुसऱ्या, म्हणजे मुस्लिमांच्या, बाजूचं बघा. पोलीस ॲक्शननंतर केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशकं सरकारी दप्तरात पडून राहिला.

कलमाची ती जागा आजही रिकामीच आहे. वंशसंहारविरोधी करार भारतानं १९५९मध्ये मान्य केला, पण त्यासाठी देशात फौजदारी कायदा केला नाही. डिसेंबर २०१८मध्ये १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या सज्जनकुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं निकालपत्रातच लिहिलं, की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीनं बुजवायला हवी. पुढे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. दहशतवादाला कलम मिळालं, झुंडबळीला पोटकलम मिळालं. हे दोन गुन्हे बाहेरच राहिले. उदगीरच्या आणि धाराशिवच्या घरांना आता कुठलंच न्यायालय न्याय देऊ शकणार नाही. मात्र दोघांनाही मागता येईल अशी मागणी एकच आहे : हे दोन गुन्हे देशाच्या कायद्यात आणा.

प्रश्न : भारत तटस्थ का राहिला? कशाला घाबरतो? – एक निवृत्त शिक्षक, नांदेड

गुरुजी, सगळीच भीती नव्हती. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद या न्यायालयाकडे प्रकरण पाठवू शकते, आणि चालू तपास वर्षभर थांबवूही शकते. परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी अमेरिका, रशिया, चीन स्वतः या न्यायालयाचे सदस्य नाहीत. स्वतः पंक्तीला बसायचं नाही, पण वाढप्याचा हात धरायचा, असा हा प्रकार. भारताचा हा आक्षेप मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. अण्वस्त्रांचा वापर निषिद्ध यादीत घाला, हीसुद्धा आपली मागणी होती. दोनच महिने आधी पोखरणला स्फोट करून आपण ती रोममध्ये मांडली, ही गंमत वेगळी.

खरी अडचण देशांतर्गत संघर्षाची. परकीय अभियोक्ता आपणहून इथल्या अशांत भागातल्या कारवाईचा तपास सुरू करील, हे कुठल्याच पक्षाच्या सरकारला नको आहे. आता एक उलटतपासणी. फेब्रुवारी २०११मध्ये सुरक्षा परिषदेनं लिबियाचं प्रकरण याच न्यायालयाकडे पाठवलं. ठराव एकमतानं झाला आणि तेव्हा परिषदेवर असलेल्या भारतानंही हात वर केला. ज्या अधिकाराला रोममध्ये हरकत घेतली, तोच दुसऱ्यासाठी वापरताना आपल्याला जड गेलं नाही.

प्रश्न : बांधाच्या दाव्यात हायकोर्टात हरलो. हेगला अपील होतं का? – एक शेतकरी, गेवराई

नाही हो. ते आपल्या न्यायालयांच्या वरचं कोर्ट नाही. देशातली यंत्रणा तपास करायला तयार नसेल किंवा तिला ते शक्यच नसेल, तरच ते पुढे येतं, आणि तेही वरच्या चार गुन्ह्यांपुरतं. निकालाची प्रत घेऊन सर्वोच्च न्यायालयातल्या वकिलाला दाखवा. मुदत बघा आधी.

प्रश्न : वॉरंट निघूनही बडे मोकळेच फिरतात. मग भारतानं या करारात यावं म्हणून तालुक्याच्या गावात चार जणांनी मोहीम काढून काय होणार? – एक कार्यकर्ता, लातूर जिल्हा

पुतिन यांच्यावर मार्च २०२३मध्ये वॉरंट निघालं. पुढच्या वर्षी ते मंगोलियाला गेले, मंगोलिया सदस्य असूनही अटक झाली नाही. तुमचा राग रास्त आहे. पण फिलिपिन्सचंही ऐका. त्या देशानं २०००च्या अखेरीस करारावर सही केली आणि पुढे कागद हलेना. बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक, मानवाधिकार संघटना आणि कायद्याचे विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले : करार सिनेटपुढे ठेवायला राष्ट्राध्यक्षांना भाग पाडा. २००५मध्ये हरले. पण सह्या, सभा, खासदारांच्या भेटी चालूच ठेवल्या, आणि २०११मध्ये देश सदस्य झाला. २०१९मध्ये तो बाहेरही पडला. मात्र सदस्य असतानाच्या काळात अमली पदार्थविरोधी मोहिमेत झालेल्या हत्यांचा हिशेब मिटला नाही. त्याच हिशेबात मार्च २०२५मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंना पकडून हेगला नेलं. २००५च्या त्या हरलेल्या अर्जदारांना हे दिसत होतं असं मी म्हणणार नाही.

नेपाळचं उलट झालं. २००६मध्ये तिथल्या प्रतिनिधी सभेनं सामील होण्याचा ठराव केला, आणि देश अजून बाहेरच. ठराव आणि अंमल यांतलं अंतर मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या काळात वस्त्या जळल्या, माणसं गेली.

आता तुमच्या चार जणांचं काम. आपल्याकडे करार मान्य करणं हा सरकारचा अधिकार, त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. त्यामुळे ‘रोम करारात सामील व्हा’ एवढंच निवेदन तहसीलदारांना दिलंत तर तहसीलदार शिक्का मारतील, पोच देतील, संपलं. देशातला कायदा मात्र संसदेतच होतो. म्हणून आधी तो मागा. तुमच्या खासदाराला शुक्रवारी खासगी विधेयक मांडता येतं, अधिवेशनात प्रश्न विचारता येतो. प्रश्न तुम्ही लिहून द्या, तयार मसुदा हातात पडला की खासदाराचे स्वीय सहायक तो पुढे सरकवतात. राज्यसभेच्या याचिका समितीकडे नागरिकही जाऊ शकतो, सदस्याची प्रतिस्वाक्षरी तेवढी मिळवा.

आणि माहिती अधिकार. परराष्ट्र मंत्रालयाला विचाराल तर कलम ८ दाखवून परराष्ट्र संबंधांच्या नावाखाली नकार येण्याची शक्यता जास्त. गृह मंत्रालयाला विचारा : दिल्ली उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१८च्या त्या निरीक्षणावर काय कार्यवाही झाली, टिपण्यांच्या प्रतींसह द्या. शुल्क दहा रुपये, ऑनलाइन भरा. राज्याच्या कार्यालयात चालतो तो कोर्ट फी स्टॅम्प केंद्राला चालत नाही. त्या एका स्टॅम्पापायी माझाच एक अर्ज परत आलाय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील टाका, आणि आलेलं उत्तर मला पाठवा.