वायवर्ण्याच्या सालीने मुतखडा विरघळतो का?

वडिलांच्या मूत्रपिंडात 8 मिलीमीटरचा खडा आहे आणि घरामागच्या वायवर्ण्याची साल उकळून द्यायची का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: द्या, पण वैद्यांना विचारून, आणि तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नका.

वायवर्णा म्हणजे आयुर्वेदातला वरुण. सुश्रुतसंहितेत त्याच्या नावाने वरुणादि गण, म्हणजे औषधी वनस्पतींचा एक गट, आहे, आणि मुतखड्यावर त्याची साल फार जुन्या काळापासून वापरात आहे, बहुधा गोखरू, पाषाणभेद, पुनर्नवा यांच्या जोडीने. सालीत ल्युपिऑल नावाचं द्रव्य असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने ऑक्सलेटचे स्फटिक साचणं कमी झालेलं दिसलंय. पण साचणं कमी होणं वेगळं आणि तयार खडा विरघळणं वेगळं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात आणि ते विरघळवणारं औषध आधुनिक वैद्यकाकडेही नाही. युरिक ॲसिडचा असेल तर गोष्ट निराळी.

माझा खडा 4 मिलीमीटरचा होता. वैद्यांनी आधी सोनोग्राफी करायला लावली, मगच काढा दिला: सालीची भरड, सोळापट पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर. खडा पडला. पण एवढे लहान खडे पुष्कळदा नुसत्या पाण्यानेही पडतात, म्हणून सगळं श्रेय मी सालीला देत नाही. 8 मिलीमीटरचा आपोआप पडण्याची शक्यता बरीच कमी, तेव्हा यूरॉलॉजिस्टना दाखवाच. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर काढा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर मूत्रपिंड जाऊ शकतं, जिवावरही बेततं. तिथे एक रात्रही वाट पाहू नका.

झाडाची खात्री करून घ्या. तीन-तीन पानं पाहून पुष्कळजण बेलाशी गल्लत करतात. बेलाला काटे असतात, वायवर्ण्याला नसतात, आणि बेलाच्या मधल्या पानाला लांब देठ असतो. वायवर्णा फुलला की ओळखायला सोपा: पांढरी फुलं पुढे पिवळसर होतात आणि जांभळट लांब पुंकेसर बाहेर डोकावतात.

साल काढायचीच तर एखाद्या फांदीची काढा. खोडाभोवती गोल सोललं तर झाड वाळून जातं.