दोन दिवसांत सहा ठिकाणं? त्यापेक्षा महाडला मुक्काम करा

प्रश्न : बाई, नमस्कार. 15 ऑगस्टला जोडून नातू मुंबईहून दोन दिवस येतोय. सातवीत आहे. इतिहास म्हणजे सनावळ्या, असं त्याचं मत. त्याला आपल्या कोकणातली स्वराज्याची आणि स्वातंत्र्याची ठिकाणं दाखवायची आहेत. यादी केलीय : रायगड, चवदार तळं, रत्नागिरीला टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग. गाडी घरची आहे. मंडळींचे गुडघे दुखतात. क्रम कसा लावू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : भाऊ, क्रम लावण्याआधी यादीवर काट मारा. सिंधुदुर्ग तर आपोआपच गेला. पावसाळ्यात मालवणहून किल्ल्यावर होड्या सुटत नाहीत, तुम्ही किनाऱ्यावरून तट बघून परत याल. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा दिवाळीच्या सुट्टीत दाखवा. विजयदुर्गही तेव्हाच. थिबा राजा ब्रह्मदेशचा, इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा बघण्यासारखा आहे, पण तुमच्या विषयात तो कसा शिरला?

मीही ही चूक केलेली आहे. शाळेत असताना एका वर्षी एसटी ठरवून दोन दिवसांत पाच ठिकाणं उरकली. परतल्यावर ‘सहलीत काय पाहिलं’ लिहायला सांगितलं, तर एका मुलाने पाऊण पान वडापावावर लिहिलं होतं. पण मला टोचलं ते वेगळंच. चवदार तळ्यावर आम्ही जेमतेम दहा मिनिटं थांबलो. एका मुलीने विचारलं, “बाई, पाणी पिण्यावरून भांडण कशाला झालं?” तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. “वर्गात सांगते,” म्हटलं, आणि वर्गात पुढचा धडा आला.

म्हणून तुम्ही महाडलाच मुक्काम करा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचा, चहा घ्या आणि तळ्याकाठी निवांत बसा. तळं गावातच आहे, गुडघ्यांना त्रास नाही. नातवाला सांगा, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा बोले नावाच्या सदस्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी तिथे गुरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य माणसाला मज्जाव होता. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर शेकडो माणसांसह चालत आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, कोर्टकज्जा झाला. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 साली. दहा वर्षं! सातवीतल्या मुलाला ही दहा वर्षं त्याच्या वयात मोजून दाखवा, सनावळी विसरेल पण हे नाही विसरणार.

दुसऱ्या दिवशी रायगड. महाडहून पंचवीसेक किलोमीटर, पहाटेच निघा. वाटेत पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे थांबाच. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला आणि बाराव्या दिवशी जिजाऊ गेल्या. गडाखालच्या याच गावात.

वर जायला मंडळींना रोपवे. मात्र वारा सुटला की तो थांबवतात, तेव्हा आधी चौकशी करा. नातू पायऱ्यांनी चढेल म्हणाला तर चढू दे, पण शेवाळ असतं, चपला नकोत. ऑगस्टात वर धुकं इतकं की समोरचा माणूस दिसत नाही. त्याचा हिरमोड होऊ देऊ नका, कारण खरं बघायचं ते पायाशी आहे. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलंय : ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’. हा गड बांधणारा माणूस. नाव कोरायला त्याने तट घेतला नाही, बुरूज घेतला नाही, लोकांचे पाय पडतील ती पायरी घेतली. बहुतेक पर्यटक त्यावरूनच आत जातात. नातवाला जागा सांगू नका, शोधू दे. ओल्या दगडावर अक्षरं पटकन दिसत नाहीत, बोट फिरवून वाचावी लागतात.

तिथून चार पावलांवर महाराजांची समाधी. 1896 साली टिळकांनी याच गडावर शिवोत्सव भरवला होता, ते तिथेच सांगून टाका. रत्नागिरीचं जन्मस्थान मग पुढच्या खेपेला अर्ध्या दिवसात होईल. मंडळींना रोपवेपासून समाधीपर्यंत बरंच चालावं लागेल, ते नको असेल तर राणीवसा आणि सदर रोपवेच्या वरच्या टोकापासून जवळ आहेत. त्यांनी तिथे बसावं, तुम्ही दोघं जाऊन या.

दोन कोरडे टॉवेल गाडीत ठेवा. आणि पाचाडला पिठलं-भाकरीचं वर जाण्याआधीच सांगून ठेवा. उतरल्यावर सांगितलं की तासभर थांबावं लागतं, आणि भिजलेलं मूल तोवर बिस्किटांवर पोट भरतं.