कोकणात समुद्राकाठच्या खेड्यात चार दिवस काय बघावं, काय करावं?

तुम्ही विचारलंय की सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, रिसॉर्ट नको, वॉटर स्पोर्ट्स नकोत, गर्दी तर अजिबात नको. मग चार दिवस गावात बसून करायचं काय?

माझं आजोळ दापोली तालुक्यातलं, आंजर्ल्याचं. त्यामुळे उत्तर एकतर्फी असणार, हे धरून चाला.

आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा, खोली नंतर बुक करा. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर भरती दुपारी तीनला, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे तीन दिवस धरले, तर पहाटे आणि संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं. उधाणाचे दिवस असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच लांब. फिरायला अख्खी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मोकळी मिळते आणि भर दुपारी भरती असते, तेव्हा तसंही उन्हात कुणी जात नाही. अष्टमीच्या आसपास आलात तर भांगाची भरती, पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही, आणि ओहोटी येते ऐन बारा वाजता, पाय भाजायला. एवढं एक जमवलंत की निम्मी सहल जमली.

महिना म्हणाल तर फेब्रुवारीअखेर ते मार्च. कासवांची पिल्लं याच दिवसांत बाहेर येतात. मादी रात्री पुळणीवर येऊन शंभरेक अंडी घालून जाते. कासवमित्र ती उचलून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खोल खड्ड्यात पुरतात आणि साधारण पन्नास दिवसांनी वाळू खचायला लागते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ च्या सुमारास वेळासला हे काम सुरू केलं, म्हणून नाव वेळासचं झालं. पण आंजर्ल्यातही हॅचरी आहे आणि तिथे गर्दी कमी. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात. कधी चाळीस पिल्लं असतात, कधी एकही नसतं. मुलाला हे आधी सांगून ठेवा. पिल्लू तळहाताएवढंही नसतं, राखाडी, ओलसर. वाळूवर सोडलं की क्षणभर तसंच पडून राहतं, मग एकदम वल्ही मारल्यासारखे पाय टाकत निघतं. पहिली लाट त्याला उलटं करून परत आणून टाकते. ते पुन्हा निघतं. माझी भाची, जिला पाच मिनिटं गप्प बसवत नाही, तिने अर्धा तास तोंड उघडलं नव्हतं.

आई-बाबांसाठी कड्यावरचा गणपती. गाडी वरपर्यंत जाते. उजव्या सोंडेची मूर्ती आहे. मूळ देऊळ खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र आत आला तेव्हा गणपती स्वतः टेकडीवर चढून आला, असं आमची आजी सांगायची आणि वाटेतल्या खडकावर त्याचं पाऊल दाखवायची. देवळाच्या आवारातून खाली माडांची टोकं दिसतात आणि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग.

त्या सुवर्णदुर्गाला हर्णे बंदरातून होडीने जाता येतं. मुलाला न्याच. आंग्र्यांचा किल्ला, १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तो हा. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि बाजूच्या तटात मारुती. कासव मुलाला शोधायला लावा. होडी लागायला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका. त्यांना किनाऱ्यावरच्या कनकदुर्गात दीपगृहापाशी बसवा. होडी सकाळचीच घ्या, दुपारनंतर वारा सुटतो.

हर्ण्याला चारच्या सुमारास पुन्हा या, लिलावासाठी. ओहोटीमुळे मोठ्या होड्या लांब उभ्या असतात आणि बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात घालून मासळी काठावर आणतात. वाळूवर बांगड्याचे, कोळंबीचे, म्हाकुळाचे ढीग पडतात. बोली इतकी भराभर चालते की आपल्याला आकडा कळेपर्यंत पाटी उचललेली असते. तुम्ही त्यात बोली लावायला जाऊ नका. शेजारी बसलेल्या कोळणीकडून घ्या, आणि ती 'घे रे, ताजा हाय' म्हणाली तरी कल्ले उघडून बघा, ती रागावत नाही. वास मात्र भयंकर, चपला जुन्या घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा यातलं काही दिसणार नाही.

एक दुपार आसूदच्या केशवराजच्या देवळाला. सुपारीच्या वाड्यांतून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, खाली उतरते, ओढ्यावरचा पूल येतो आणि मग बरंच चढायचं. मार्चमध्येही सावली इतकी दाट की घाम थांबतो. वर गोमुखातून पाणी पडतं, ते पिऊन बसायचं. तुमच्या बाबांना चढ झेपत नसेल तर त्यांना पुलापर्यंतच येऊ दे, तिथेही तासभर सहज जातो.

बाकी मुरूड-कर्द्याला डॉल्फिन दाखवायला नेतात. दिसले तर दिसले. केळशीचं महालक्ष्मीचं देऊळ छान आहे, जाता-येता बघा.

एक कळकळीची विनंती, गाडी पुळणीवर घालू नका. मी एकदा घातली आहे. वाळू टणक दिसत होती, फोटो काढायला पाच मिनिटं थांबलो आणि मागची चाकं रुतली. भरती चढत होती. गावातल्या सात-आठ जणांनी दोर लावून गाडी ओढली तेव्हा पाणी दारापर्यंत आलं होतं. ओढून झाल्यावर एक म्हातारे आजोबा एवढंच म्हणाले, "तिथी कंची, ते तरी बघायचं होतंत." शिवाय न सापडलेली कासवाची घरटी चाकाखाली जातात ती वेगळीच.

राहायला घरगुती सोय घ्या. बऱ्याच घरांत जेवण शाकाहारी असतं. मासे हवे असतील तर बुक करतानाच विचारा, नंतर तोंड पाडून बसू नका. शाकाहारी ताटही कमी नसतं : ओल्या काजूची उसळ, कुळथाचं पिठलं, सोलकढी. होळीच्या पौर्णिमेला आलात तर तिथी, कासवं आणि शिमग्याची पालखी तिन्ही साधतात, पण घरचे लोक पालखीत गुंतलेले असतात, चहा उशिरा मिळाला तर चालवून घ्या. रोख पैसे आणि टॉर्च जवळ ठेवा. मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगा, सकाळी उठून सांगितलंत तर नारळ खवणार कोण?