सिनसिनाटीला यायचं ठरवताय तर

मिस्टरांना सिनसिनाटीत नोकरी मिळतेय, पण न्यू जर्सीच्या नणंदबाई म्हणतात, "तिथे काय आहे, मक्याची शेतं!" म्हणून तुम्ही विचारलंत की मुलांना घेऊन इथे करमेल का, गावाला स्वतःचं असं काही आहे का. नणंदबाईंना सांगा, मक्याची शेतं आहेत, पण शहर संपल्यावर. खुद्द शहराची वस्ती जेमतेम 3 लाख, उपनगरं धरली तर 22 लाखांच्या वर. आणि अभिमान म्हणाल, तर तो मोठमोठ्या शहरांना पुरून उरेल एवढा.

ओहायो राज्यातलं हे गाव 1788 मध्ये ओहायो नदीकाठी वसलं. रेल्वे यायच्या आधी सगळा माल नदीतून वाफेच्या बोटींनी जायचा. आसपासची डुकरं इथे कापायची, मांस खारवून पिंपांत भरायचं आणि बोटीत चढवायचं, हा मुख्य धंदा. लोक गावाला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. चरबी ढिगाने उरायची. विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या करायचा, जेम्स गॅम्बल साबण. दोघांनाही चरबीच लागायची. दोघे एकमेकांचे साडू. सासऱ्याने सुचवलं, भांडत काय बसता, एकत्र धंदा करा. 1837 मध्ये त्यातून प्रॉक्टर अँड गॅम्बल उभी राहिली. तुमच्या कपाटातली विक्सची डबी आज याच कंपनीची. मुख्यालय अजून इथेच आहे, आपली बरीच मंडळी तिथे आहेत. आणि डुकरांची लाज वाटणं तर सोडाच, इथल्या मॅरेथॉनचं नावच ‘फ्लाइंग पिग’.

नदीवरचा निळा झुलता पूल जरूर चालत ओलांडा. 1866 मध्ये खुला झाला तेव्हा तो जगातला सर्वांत लांब झुलता पूल होता. तो बांधणाऱ्या जॉन रोब्लिंगनेच पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा केला. नणंदबाईंना हे आवर्जून सांगा. पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा, त्यामुळे वरून गाडी गेली की चाकांचा घूं असा एकसुरी आवाज येतो. मुलांना भारी आवडतो. पलीकडचा काठ केंटकी राज्याचा. गुलामगिरीच्या काळात हीच नदी सीमारेषा होती, केंटकीत गुलामगिरी, ओहायोत नाही. ती ओलांडून माणसं जीव मुठीत धरून इकडे पळून येत. त्यावरचं मोठं संग्रहालय आपल्या बाजूच्या काठावरच आहे. अर्धा दिवस काढूनच जा.

‘ओव्हर द ऱ्हाईन’ ही जुनी जर्मन वस्ती. मधल्या कालव्याला जर्मन लोक गमतीने आपल्या देशातल्या नदीवरून ऱ्हाईन म्हणत. पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेष उसळला आणि रस्त्यांची नावं रातोरात बदलली. ब्रेमन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट झाला. पुढे कालवा आटवून तिथे भुयारी रेल्वे करायला घेतली, पैसे संपले. सुमारे दोन मैलांचं भुयार आजही रस्त्याखाली आहे, एकही गाडी न धावलेलं. लोक हेही कौतुकाने सांगतात! पण सगळंच कौतुकाचं नाही. हायवे आणि नव्या बांधकामासाठी शेजारच्या वेस्ट एंड वस्तीतली 25 हजारांवर माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, उठवली गेली. 2001 मध्ये पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मेला, तेव्हा शहर पेटलं होतं. आज ओव्हर द ऱ्हाईन चकचकीत आहे, भाडी चढलीत आणि जुने रहिवासी बरेचसे गेलेत. इतिहास सांगताना हा भाग लोक पटकन उरकतात.

बेसबॉल कळत नसलं तरी शिकून घ्या. पूर्ण पगारी खेळाडूंचा पहिला जाहीर संघ इथलाच, 1869 चा. मोसमाच्या पहिल्या दिवशी फिंडले मार्केटची मिरवणूक निघते. त्या दिवशी ऑफिसात मीटिंग ठेवलीत तर कोणी येणार नाही.

खाण्याचं म्हणाल तर इथली चिली म्हणजे स्पॅगेटीवर दालचिनी घातलेला पातळ खिमा आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. 1920 च्या दशकात मॅसिडोनियातून आलेल्या भावांनी ती आणली. काट्याला गुंडाळत बसू नका, काट्याच्या कडेने तोडून खातात. बऱ्याच ठिकाणी खिम्यात गोमांस असतं, आधी विचारा.

लोक बोलके आहेत, पण "कुठल्या शाळेत होतात?" असं विचारलं तर कॉलेजचं नाव सांगू नका, त्यांना हायस्कूल हवं असतं. त्यावरून तुम्ही पूर्वेचे की पश्चिमेचे हे ठरतं. बाहेरच्याला त्यांच्या मित्रमंडळात शिरायला वर्षभर लागतं. घाई करू नका.

राहायला बहुतेक देसी कुटुंबं मेसन किंवा वेस्ट चेस्टर धरतात. शाळा चांगल्या, किराणा जवळ. पण तिथेच अडकलात तर वरचं काहीच दिसणार नाही आणि नणंदबाईंचं म्हणणं खरं वाटेल. गाडी लागतेच, ट्राम फुकट आहे, पण ती फक्त मध्यवर्ती भागातच फिरते. विमानतळ चक्क केंटकीत आहे आणि भारताला थेट विमान नाही.

मुलीला परागकणांचा त्रास होतो असं लिहिलंत. ओहायोच्या खोऱ्यात वसंतात परागकण फार, तेव्हा आधी वर्षभर भाड्याने राहा. घर घ्यायचं ते एक वसंत काढल्यावर बघा.