क्रॉक पॉट सांभाळणाऱ्यास

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला. रात्री दीड वाजता कुणी एवढं टाइप करतं म्हणजे ‘डोन्ट स्टार्व्ह टुगेदर’ हा सगळ्यांनी मिळून जगून राहायचा गेम चांगलाच अंगात भिनलाय.

तक्रार मला समजली ती अशी. बेरी तू तोडतोस, सशांचे सापळे तू लावतोस, क्रॉक पॉटसाठी, म्हणजे गेममधल्या शिजवायच्या भांड्यासाठी, झाडं जाळून कोळसाही तूच आणलास. बाकीचे तिघं बाहेर भटकून येतात, पॉटमधले मीटबॉल उचलतात आणि तोंड पुसून परत जातात. म्हणून तू दलदलीच्या कडेला एक चेस्ट (साठवणीची पेटी) केलंस आणि त्यात मीटबॉल दडवून ठेवलेस. आता विचारतोस, हे बरोबर की चूक?

बरोबर-चूक राहू दे बाजूला. मीटबॉल १० दिवस टिकतो. साध्या चेस्टमध्ये ठेवलास तरी १० दिवसच, चेस्टने काही फरक पडत नाही. आइस बॉक्समध्ये सडण्याचा वेग निम्मा होतो, म्हणजे तेच मीटबॉल २० दिवस गेले असते. पिवळा झालेला, म्हणजे शिळा मीटबॉल पोटही पूर्ण भरत नाही, लाल झालेला, म्हणजे सडायला टेकलेला तर निम्म्यावर येतो. लपवलेलं कोणाच्या पोटात जाणार होतं? बहुधा कोणाच्याच नाही. आज लॉग इन झालास की आधी ते चेस्ट रिकामं कर आणि सगळं बेसवरच्या आइस बॉक्समध्ये आणून ठेव. जे सडलं असेल तेही आण, पुढे लागेल.

त्या आइस बॉक्सला दोन सोन्याचे खडे आणि इतर सामानासोबत एक गिअर लागतो. गिअर बेरीच्या झुडपावर येत नाही. तो बहुतेक वेळा घड्याळी यंत्रांशी मारामारी करून मिळवावा लागतो. तुझ्या बेसवरचा गिअर कुणी आणला? तू ज्यांना भटके म्हणतोस, त्यांच्यापैकीच कुणीतरी. तो मरता मरता वाचून परत आला असेल आणि पॉटमधले दोन मीटबॉल उचलले असतील, तर ते आयतं खाणं म्हणता येत नाही.

आता भुकेचं गणित नीट समजून घे, कारण तुझा राग तिथेच चुकतोय. विल्सन या पात्राचं पोट १५० गुणांचं. दिवसाला ७५ जातात आणि गेममधला दिवस आपल्या ८ मिनिटांचा. म्हणजे पोटभर जेवलेला माणूस १६ मिनिटांत शून्यावर. शून्यावर गेला की दर सेकंदाला १.२५ हेल्थ जाते. विल्सनची हेल्थही १५०, म्हणजे त्याच्याकडे फक्त २ मिनिटं उरतात. गुहेच्या तोंडापासून बेसपर्यंत पळत यायलाही कधी कधी तेवढी पुरत नाहीत.

आणि तो मेला की प्रकरण मिटतं असं नाही. त्याचं भूत तुमच्याच जगात फिरत राहतं आणि जिवंत असलेल्या तुम्हा सगळ्यांची सॅनिटी (मनाचं भान) खातं. त्याला उठवायचा एक मार्ग म्हणजे टेलटेल हार्ट ही वस्तू. त्याला ३ गवत, कोळ्याची १ ग्रंथी आणि बनवणाऱ्याची ४० हेल्थ लागते, ती तिथल्या तिथे कापली जाते. उठल्यावर त्याची कमाल हेल्थ पावपट कमी झालेली असते. ती परत मिळवायला बूस्टर शॉट, आणि त्याला लागतात ८ रॉट (सडलेलं अन्न), २ नायटर (एक खनिज) आणि एक मधमाशीचा काटा. (रॉट कुठून आणायचं हे तुला सांगायला नको. दलदलीतलं चेस्ट आहेच.) हा सगळा खर्च एका मीटबॉलपायी. एका मीटबॉलला किती लागतं? एक छोटं मांस आणि तीन बेरी. सापळ्यात सापडलेला एक ससा झाला तुझा.

पॉटचंच बघ. तीन बेरी कच्च्या खाल्ल्या तर पोटात २८ च्या आसपास पडतात, सशाचं मांस वेगळं खाल्लं तर १२.५. दोन्ही मिळून ४० च्या घरात. तेच चार जिन्नस पॉटमध्ये टाकले की पंधरा सेकंदांत ६२.५ चा मीटबॉल. तुझ्या पॉटजवळ उभं राहण्याने चौघांना फुकटात मिळणारी ही वीस-बावीसची वाढ आहे. म्हणून स्वयंपाकाचं काम हलकं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आणि एक गंमत लक्षात ठेव. पिवळ्या पडलेल्या बेरी पॉटमध्ये गेल्या की बाहेर येणारा पदार्थ त्या बेरींपेक्षा ताजा असतो. म्हणून सडायला आलेलं आधी पॉटमध्ये ढकलायचं, ताजं मागे ठेवायचं. नवीन मुलं नेमकं उलटं करतात. शिळ्या मीटबॉलच्या ढिगावर ताजे टाकू नकोस, सगळ्या ढिगाची सरासरी निघते आणि ताजेही म्हातारे होतात.

मॉन्स्टर मीट (राक्षसी प्राण्यांचं मांस) एका पॉटला एकच. दोन टाकलेस की मॉन्स्टर लझान्या निघतो, तो खाणाऱ्याची हेल्थ आणि सॅनिटी दोन्ही वीस-वीसने उतरतात. एकदा असं वाढलंस की पुढचा आठवडाभर कुणी तुझ्या हातचं खात नाही. टीममध्ये वेबर हे पात्र असेल तर गोष्ट वेगळी, त्याला मॉन्स्टर मीटचं काही वाटत नाही. जास्तीचं त्याला दे आणि सशाचं मांस इतरांसाठी वाचव.

आता तू विचारलं नाहीस ते सांगते. तू म्हणतोस, ‘भूक लागली तर मागावं ना त्यांनी!’ अरे, नवखा खेळाडू मागत नाही. त्याला लाज वाटते. त्यात या गेममध्ये दुसऱ्याचं पोट दिसत नाही, मॉड (गेमला बाहेरून जोडलेली भर) घातलं असेल तरच. गावाकडच्या पंगतीत चांगला वाढपी पान बघून वाढतो, भात संपला का, वरण कमी पडलं का, हे त्याला विचारावं लागत नाही. इथे पानच दिसत नाही, तर विचारणं तुझ्याकडे आलं. संध्याकाळ व्हायला लागली, आकाश काळवंडलं, सगळे शेकोटीकडे परतले की व्हॉइस चॅटवर एक प्रश्न टाक, ‘कोणाचं पोट किती?’ आकडा सांगायला लाज वाटत नाही, मागायला वाटते. आणि एखाद्याच्या डोक्यावर भूक लागल्याचं वाक्य उमटलं तर तो बोलेपर्यंत थांबू नकोस. मीटबॉल उचल आणि थेट त्याच्या हातात दे. जमिनीवर टाकू नकोस, जमिनीवर अन्न लवकर सडतं, आणि आसपास डुकरं असली तर ती आधी पोचतात.

वाढायचं कोणाला आधी, हा खरा प्रश्न. सगळ्यांना सारखं, असा नियम ऐकायला छान वाटतो, पण या गेममध्ये त्याने अन्न वाया जातं. पोट १२० असताना मीटबॉल खाल्ला तर ३० भरतात, उरलेले ३२.५ हवेत. म्हणून आमच्या बेसवर मी पाटी लावली होती: ९० च्या खाली आल्याशिवाय मीटबॉलला हात नाही. वरचेवर काही तोंडात टाकायचं असेल तर भाजलेल्या बेरी आहेत, भाजलेलं गाजर आहे. एवढ्या एका नियमाने अर्धी भांडणं मिटली, कारण मग कोण किती खातो हा प्रश्न उरत नाही, आकडा उरतो.

त्यातही बाहेर निघालेल्याला आधी. बेसवर बसलेल्याचं पोट ४० असलं तरी तो पॉटपासून चार पावलांवर आहे. गुहेत उतरणारा ८० वर असला तरी त्याला पाच मीटबॉल आणि वाळवलेलं मांस बांधून दे. तो खाली गेला की तुला वरून त्याला काहीच देता येणार नाही. त्याने पाचातले तीन परत आणले तर उत्तम, पाचही संपवले तरी कुरकुर करू नकोस.

पियरोगी हा पॉटमधला पदार्थ मात्र पंक्तीत वाढू नकोस. तो पोट फारसं भरत नाही, ३७.५ फक्त, पण ४० हेल्थ देतो आणि २० दिवस टिकतो. ते औषध आहे. डीअरक्लॉप्स या राक्षसाशी लढायला जाणाऱ्याच्या खिशात ते हवं. आणि कोणाच्या खिशात हेही बघ. पात्रांपैकी वर्मवुडला अन्नाने हेल्थ मिळत नाही, वांडालाही नाही. त्यांना पियरोगी देणं म्हणजे तो फुकट घालवणं. विगफ्रिडला मांस हवं, बेरी-गाजर चालत नाही. वर्टचं उलटं, ती मांसाला तोंड लावत नाही. वॉर्ली तर कच्चं खातच नाही, आणि तोच पदार्थ लागोपाठ दिलास तर त्याला तो कमी कमी लागू पडतो, त्याच्यासाठी पॉटमध्ये फेरपालट कर. विकरबॉटमला शिळं सोसत नाही. डब्ल्यूएक्स-७८ ला शिळ्याचं काही वाटत नाही, आइस बॉक्सच्या तळाशी राहिलेलं लाल पडलेलं सगळं त्याला दे, तो खुशीने खाईल. कोण कोणतं पात्र घेऊन आलाय हे पहिल्याच दिवशी बघितलंस तर सापळे किती आणि झुडपं किती लावायची हे तिथेच ठरतं.

तू एकाचं नाव घेऊन लिहिलं आहेस, तो खरोखरच काही करत नाही म्हणून. असे असतात, मी नाकारत नाही. तो नुसता शेकोटीजवळ उभा राहतो, खातो, आणि हल्ल्याची कुत्री आली की तुझ्यामागे लपतो. त्याला उपाशी ठेवायचा मोह होणारच. पण या गेममध्ये चेस्टला कुलूप नाही. त्याने घ्यायचं ठरवलं तर तो घेणारच, आणि तू रोखलंस तर तो मरेल आणि भूत होऊन तुझीच सॅनिटी खाईल. शिक्षा तुलाच. मी असल्याला काम देते, तेही जेवणाशी जोडलेलं. ‘हे सहा सापळे घे, सशांच्या बिळांवर लाव, सकाळी ससे आणून पॉटजवळ ठेव.’ हुकमाने सांगायचं नाही, सोबत जायचं, पहिले दोन सापळे आपणच लावून दाखवायचे. पुष्कळदा तो आळशी नसतो, त्याला काय करायचं हेच कळलेलं नसतं. हे शिकवणीचं पान गेममध्ये कुठेच नाही. आणि इतकं करूनही तो नुसता उभाच राहिला, तर सर्व्हर तुमचा आहे, पुढच्या वेळी त्याला बोलावू नका. उपाशी मारण्यापेक्षा ते सरळ.

अनोळखी माणूस मध्येच जगात शिरला तर मात्र हिशेब नको. भर हिवाळ्यात रिकाम्या हातांनी आलेल्याला आधी थर्मल स्टोन (ऊब धरून ठेवणारा दगड) आणि दोन मीटबॉल दे, मग बोल. तो दहा मिनिटांत निघून गेला तर गेले दोन मीटबॉल, ससे काही संपलेले नाहीत.

आता हिवाळा. तुमचा शरद अजून चालू आहे ना? तो २० दिवसांचा, मग १५ दिवसांचा हिवाळा. चौघांचे दिवसाला ३०० जातात, म्हणजे ५ मीटबॉल. १५ दिवसांचे ७५. बेरीची झुडपं हिवाळ्यात काही देत नाहीत, तेव्हा भरणीला बर्फ टाक. एक मांस आणि तीन बर्फ, तोच मीटबॉल. म्हणजे हिवाळ्यात बेरीची चिंता नाही, मांसाची आहे. ती ७५ मांसं तू एकट्याने जमवायला जाऊ नकोस, नाहीतर मला पुन्हा रात्री दीडला मेसेज येईल. आत्ताच चौघांना सांग की बाहेर गेलेल्याने परत येताना काहीतरी मांस आणायचं, कसलंही, अगदी मॉन्स्टर मीट का असेना. कोणी आणलं, कोणी नाही, हे लिहून ठेवू नकोस. पाचव्या-सहाव्या दिवशी आइस बॉक्स उघडून सगळ्यांसमोर मोज. कमी असेल तर त्यांना ते तुझ्या बोलण्याशिवाय दिसेल.

दुसरा आइस बॉक्स लागणार आहे, तेव्हा गिअरसाठी भटक्यांना पाठव, आणि पाठवताना पाच मीटबॉल बांधून दे.

शनिवारी रात्री मीही येतेय, वर्ट घेऊन. माझ्यासाठी मांसाचं काही ठेवू नकोस. चार बेरींचा जॅम कर. पोटात ३७.५ च पडतात, कच्च्या खाल्ल्या तरी तेवढेच, पण बेरी ६ दिवसांत सडतात आणि जॅम १५ दिवस राहतो. त्यामुळे आजपासून केलास तरी चालेल.

तुझी,
ताई