सहावीची मुलं दुसरीच्या मुलांना डेंग्यूबद्दल काय आणि कसं शिकवू शकतील? (सोलापूर)

भाषण नको, डासाची अळी दाखवा. पारदर्शक बरणीत टिपाडातलं पाणी घ्या. अळ्या शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून उलट्या लटकतात. बरणी हलवली की वळवळत तळाशी जातात. लहानग्यांना एवढं बघितलं की पुरे! बरणीला झाकण हवंच, नाहीतर डास वर्गातच.

आता घरी. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ‘सगळं ओतून द्या’ म्हटलं तर आईच रागावेल, आणि बरोबरच आहे. पाणी यायच्या आदल्या दिवशी, टिपाडं तळाला गेलेली असताना कोरडी करायची. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून धुण्याला. फडकं उन्हात टाका, गटारीत झटकू नका.

सगळे चुकतात ते पुढे: नुसतं रिकामं करून लगेच भरतात. अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. म्हणून आतून काथ्याने खसाखसा घासायचं, मग सुती कापड नाडीने घट्ट बांधायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा पुरतं.

कूलरची टाकी विसरू नका. आधी विजेचा प्लग काढून, तोही मोठ्यांनीच. हौदात मुलांनी वाकायचं नाही.