कोणती पुस्तकं तुम्हाला खरंच आवडली आणि कोणती नाही? लेखकाचं नाव मोठं म्हणून केलेली स्तुती नको, मनापासून सांगा.

मी साहित्याचा अभ्यासक नाही. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. हंगामात पाळ्यांमुळे वाचन जवळपास बंदच असतं. हंगाम संपला की दुरुस्तीची कामं दिवसपाळीत चालतात, संध्याकाळ मोकळी मिळते, मग तालुक्याच्या वाचनालयातून हाताला लागेल ते आणतो. नोकरीमुळेच असेल, पण पुस्तकातली माणसं पोटासाठी काय करतात हे नीट दिसलं की मी त्यात रमतो. ते दिसेनासं झालं की लक्ष उडतं.

म्हणून सगळ्यात वर प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ (१९८१). मुंबईतली नोकरी सोडून विश्वनाथ मेहेंदळे हा इंजिनिअर सीमा सडक संघटनेत जातो आणि हिमालयात सतलजच्या काठावर, सरळसोट उभ्या कड्यातून रस्ता काढायच्या कामावर लागतो. सुरुंग, कोसळणाऱ्या दरडी, मजूर आणि वर लष्करी शिस्त. जागेवर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं ते हुकमाच्या कागदावर नसतं, यावरून विश्वनाथचं वरिष्ठांशी जे वाजतं, ते वाचताना मी पानं मिटवू शकलो नाही. आणि पेंढारकर मेजर बंबालाही खलनायक करत नाहीत. त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचंही बरोबर वाटतं. अशी कादंबरी मराठीत मला दुसरी सापडलेली नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) एका बैठकीत संपते. माणदेशातल्या धनगरवाडीवर नवा मास्तर येतो, पण पोरं मेंढरांमागं रानात गेलेली, शाळेत येणार कोण? तालीम बांधतानाचा सगळ्या वाडीचा उत्साह आणि नंतर दुष्काळात त्याच वाडीचं रिकामं होत जाणं, दोन्ही माडगूळकर सारख्याच शांतपणे सांगतात. एक शब्द जास्तीचा नाही.

आता न आवडलेलं. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची गाजलेली कादंबरी, पण मला ती जड गेली. ययाति असो, देवयानी असो, प्रत्येक जण आपल्या मनातलं सुभाषितासारखं घोळून सांगत राहतो. मला काय वाटायचं ते मलाच ठरवू द्या, असं दर चार पानांनी वाटत होतं. शर्मिष्ठेचा भाग मात्र वेगळा. राजकन्येची दासी झाल्यावर तिच्या वाट्याला जे येतं, तिथं पुस्तक जमिनीवर उतरतं. सगळी कादंबरी तिनंच सांगितली असती तर मी आनंदानं वाचली असती.

पाउलो कोएलोचं ‘अल्केमिस्ट’ सगळे वाचतात म्हणून मराठीतून वाचलं. त्यातला मेंढपाळ पोरगा टँजिअरमध्ये काचसामानाच्या दुकानात राबतो, पेले पुसतो, बाहेर मांडणी करतो, मग काचेच्या पेल्यांतून चहा विकायची युक्ती काढतो. हा भाग मला फार आवडला. पण जिथं सगळं विश्वच आपल्या मदतीला धावून येतं असं सांगतात, तिथं मी हात टेकले. दुष्काळात जनावरं विकणारा शेतकरी मी पाहिला आहे. त्याची इच्छा कमी पडली असं मला कुणीही पटवू शकणार नाही.

युवाल नोआ हरारीच्या ‘सेपियन्स’ या माणसाच्या इतिहासावरच्या पुस्तकातला शेतीचा भाग मात्र जरूर वाचा. माणसानं गव्हाला नाही, गव्हानं माणसाला राबवून घेतलं, हा हरारीचा मुद्दा मी आमच्या वडिलांना सांगितला. त्यांना तो लगेच पटला. शेवटची प्रकरणं मला घाईची वाटली.

भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’ कादंबरीबद्दल माझं मत दोन तुकड्यांत आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या होस्टेलवर मेसचा कारभार अंगावर घेतो तो भाग, आणि मनी ही त्याची बहीण देवीनं जाते ती पानं, याहून चांगलं गद्य मी वाचलेलं नाही. मनीची पानं झाल्यावर मी दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही. गावी परतल्यानंतरचा रिकामपणा मात्र फार लांबला आहे. तो मुद्दाम तसा आहे म्हणतात. असेल, पण वाचणाऱ्याची दमछाक व्हायची ती होतेच.

दया पवारांच्या ‘बलुतं’बद्दल (१९७८) आवडलं-नाही आवडलं असं बोलायला जीभ रेटत नाही. येसकराची पाळी म्हणजे महारांकडे आळीपाळीनं येणारं गावकाम, मेलेली जनावरं ओढून नेणं, मयताचे सांगावे घेऊन गावोगाव जाणं, आणि त्या बदल्यात दारोदार मागून आणायची भाकर. गावगाड्याचं कौतुक करणारी पुस्तकं मी त्याआधी बरीच वाचली होती. गावातलं सगळ्यात जड काम कोण करत होतं हे त्यांतल्या एकाही पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं.

एकच पुस्तक विकत घेणार असाल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. वडिलांचं टोकाचं सोवळं, हातात पैसा न टिकणारा कवी नवरा, १८९५ मध्ये त्यानं केलेलं धर्मांतर, आणि या सगळ्यात चूल, लेकरं सांभाळणारी बाई. एवढं सोसून ती ज्या मोकळेपणानं हसते आणि हसवते, तसं बोलणं मी पुस्तकात दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण तुम्ही पूर्णच घ्या. त्यातलं गाळावं असं एकही पान मला सापडलं नाही.